हेतू नव्हता, पण जाणीव होती का?

पुण्यातील कल्याणीनगर अपघातप्रकरणी अल्पवयीन आरोपीवर प्रौढ म्हणून खटला चालवावा, ही पोलिसांची मागणी बाल न्याय मंडळाने १५ जुलै २०२५ रोजी फेटाळली. १९ मे २०२४ च्या पहाटे भरधाव पोर्श मोटारीच्या धडकेत दुचाकीवरील दोन तरुण संगणक अभियंत्यांचा मृत्यू झाला होता. पोलिसांच्या म्हणण्यानुसार मोटार चालवणारा मुलगा त्या दिवशी सतरा वर्षे आणि आठ महिन्यांचा होता. घटनेनंतर काही तासांतच त्याला जामीन मिळाला आणि त्यातली एक अट रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची होती. त्या निबंधाची आठवण मंडळाच्या निर्णयानंतर पुन्हा निघाली. पुण्यात, मुंबईत आणि तितक्याच तीव्रतेने परदेशातल्या मराठी घरांमध्येही एकच प्रश्न विचारला गेला : दोन जीव गेले, तर शिक्षा एवढीच कशी?

प्रश्न स्वाभाविक आहे, पण त्यात एक गृहीतक दडलेले आहे. शिक्षेचे माप परिणामावरून ठरावे, हे ते गृहीतक. फौजदारी कायदा तसे मोजत नाही. माणूस मेला ही वस्तुस्थिती खटल्याची सुरुवात असते. न्यायालयाला त्यानंतर जे शोधावे लागते ते मृत देहात सापडत नाही. ते आरोपीच्या डोक्यात, त्या क्षणी काय होते त्यात असते. केवळ कृतीमुळे कोणी गुन्हेगार ठरत नाही, कृतीला दोषी मनाची जोड असावी लागते, हे तत्त्व इंग्रजी कायद्याने रोमन आणि ख्रिस्ती परंपरेतून घेतले आणि मेकॉलेच्या विधी आयोगाने १८३७ च्या मसुद्यातून ते भारतात आणले. मेकॉलेचा आग्रह इतका टोकाचा होता की, एखादा गुन्हा करीत असताना निव्वळ योगायोगाने कोणाचा मृत्यू ओढवला तर त्या मृत्यूबद्दल शिक्षेत भर घालू नये, असे त्याने मसुद्याच्या टिपणांत मांडले. नशिबाने वाईट वळण घेतले म्हणून एकाला फाशी आणि नशिबाने साथ दिली म्हणून तसेच वागणाऱ्या दुसऱ्याला सूट, ही त्याच्या दृष्टीने शिक्षा नसून सोडत होती.

१८६० ची भारतीय दंड संहिता आणि १ जुलै २०२४ पासून तिची जागा घेणारी भारतीय न्याय संहिता, दोन्हींत मृत्यूची उतरंड या मनाच्या पायऱ्यांवरच रचलेली आहे. मारण्याचा उद्देश असेल तर वरची पायरी. उद्देश नाही, पण आपल्या कृत्याने माणूस मरण्याचा संभव आहे ही जाणीव होती, तर सदोष मनुष्यवधाचा दुसरा भाग : जुने कलम ३०४, नवे कलम १०५, कमाल शिक्षा दहा वर्षे. जाणीवही नव्हती, फक्त हयगय किंवा बेदरकारपणा होता, तर जुने ३०४-अ, नवे १०६. आणि काहीच नव्हते, तर तो अपघात, ज्याला शिक्षा नाही.

अडचण दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मधल्या दरीत आहे. ३०४-अ हे कलम मूळ संहितेत नव्हते. मसुद्यात तशी तरतूद होती, अंतिम कायद्यातून ती गळाली आणि १८७० मध्ये दुरुस्तीने परत आली. कमाल शिक्षा दोन वर्षे. त्या वर्षी भारतातल्या रस्त्यांवर बैलगाड्या आणि टांगे होते. पुढे मोटार आली, महामार्ग आले, दोनशे किलोमीटरच्या वेगाला सहज भिडणाऱ्या गाड्या आल्या, तरी ती दोन वर्षे दीड शतक तशीच राहिली. २०२२ साली भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतल्या ज्या मृत्यूंमागे कोणा चालकाचा दोष होता, त्यांपैकी बहुतेकांसाठी कायद्याकडे हीच पट्टी होती. नव्या संहितेने ती पाच वर्षांपर्यंत वाढवली, पण पायऱ्या तेवढ्याच ठेवल्या.

वरच्या पायरीवर दहा वर्षे आणि खालच्या पायरीवर दोन, तर संतापलेला समाज आणि दबावाखालचे पोलीस कोणत्या पायरीकडे धाव घेणार हे सांगायला नको. त्यामुळे गेली वीस वर्षे रस्त्यावरील मृत्यूंचे गाजलेले खटले एकाच शब्दाभोवती फिरत आहेत : जाणीव.

याची सुरुवात मुंबईत झाली असे म्हणता येईल. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर एका मोटारीने पदपथावर झोपलेल्या मजुरांना चिरडले. सात जण मेले, आठ जखमी झाले. सत्र न्यायालयाने चालकाला हयगयीच्या कलमाखाली सहा महिन्यांची शिक्षा दिली. त्यावर एवढा गदारोळ झाला की मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि सदोष मनुष्यवधाच्या दुसऱ्या भागाखाली तीन वर्षांची शिक्षा सुनावली. एलिस्टर परेरा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये ती कायम केली. तीन वर्षेही कमीच आहेत, असे मत नोंदवून. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या १९९९ मधील बीएमडब्ल्यू प्रकरणातही न्यायालय याच निष्कर्षावर आले. तिथे तीन पोलिसांसह सहा जण मृत्युमुखी पडले होते.

या निकालांमागचा तर्क थोडक्यात असा : दारू पिऊन, प्रचंड वेगाने, माणसे असणार हे ठाऊक असलेल्या रस्त्यावर गाडी हाकणाऱ्याला कोणीतरी मरू शकते हे माहीत नव्हते, असे म्हणता येत नाही. तो माहीत असूनही पुढे गेला. मग ती हयगय राहत नाही.

तर्क पटण्याजोगा आहे. मात्र त्याचा सगळा भार दारूवर आहे, हे नीट पाहिले पाहिजे. स्वेच्छेने प्यायलेल्या माणसाला कायदा शुद्धीवर असलेल्या माणसाइतकीच जाणीव होती असे धरून चालतो. जुने कलम ८६, नवे २४. सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्येच बासदेव खटल्यात स्पष्ट केले की जाणीव अशी गृहीत धरता येते, उद्देश मात्र प्रत्यक्ष परिस्थितीवरून तपासावा लागतो. म्हणजे नशा ही सबब तर होतच नाही, उलट तीच जाणिवेचा सर्वांत भक्कम आधार होते. वेग, रस्ता, वेळ, आरडाओरड ऐकूनही न थांबणे या गोष्टी मोजल्या जातात, पण चालक प्यायलेला होता हे सिद्ध झाले नाही तर बहुतेक वेळा उरते ते हयगयीचे कलम.

अशा रचनेत एक छोटी काचेची कुपी अवाढव्य होऊन बसते. रक्ताचा नमुना दारू दाखवणारा निघाला तर दहा वर्षांचे दार उघडते, न निघाला तर ते जवळजवळ बंद होते. पुण्यातील प्रकरणात ससून रुग्णालयातील दोन डॉक्टरांना आणि एका कर्मचाऱ्याला अटक झाली ती हा नमुना बदलल्याच्या आरोपावरून. मुलाच्या आईवडिलांनाही त्याच आरोपाखाली तुरुंगात जावे लागले. हे आरोप अजून न्यायालयात सिद्ध व्हायचे आहेत. परंतु ते खरे ठरोत वा खोटे, कायद्याने एवढे मोठे बक्षीस एका कुपीत ठेवले की तिच्यापर्यंत पोहोचण्याची ऐपत असलेल्यांना मोह होणारच. २००२ च्या वांद्रे अपघात खटल्यातही, ज्यात अभिनेता सलमान खान याला सत्र न्यायालयाने २०१५ मध्ये पाच वर्षांची शिक्षा दिली आणि उच्च न्यायालयाने त्याच वर्षी निर्दोष मुक्त केले, रक्ताच्या नमुन्याचा पुरावा हा वादाचा एक मुख्य मुद्दा होता.

आता याच कलमाची दुसरी बाजू. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्यात बेस्टची विजेवर चालणारी बस गर्दीत घुसली आणि सातपेक्षा अधिक माणसांचा जीव गेला. चालकावर पोलिसांनी लावलेला गुन्हा सदोष मनुष्यवधाचाच. तो प्यायलेला असल्याचा आरोप नाही. बस भाडेकराराने घेतलेली होती. क्लच नसलेल्या या नव्या बसचे प्रशिक्षण त्याला किती दिवस आणि कसे मिळाले, यावर पहिल्या दिवसापासून वाद आहे. अशा माणसाला ‘आपल्या हातून माणसे मरणार’ ही जाणीव कोणत्या क्षणी झाली असे म्हणायचे? अपुऱ्या तयारीनिशी त्याला गर्दीच्या मार्गावर पाठवणाऱ्यांच्या जाणिवेचे काय? मृतांचा आकडा मोठा असला की वरचे कलम लावायचे, असा प्रघात पडला तर मेकॉलेने ज्या सोडतीबद्दल लिहिले तीच मागच्या दाराने परत येते. आणि कलम केवळ श्रीमंत बापाच्या मुलालाच लागते असे नाही. ते महिन्याच्या पगारावर बस हाकणाऱ्यालाही लागते, आणि त्याच्याकडे नामांकित वकील नसतो.

जाणीव शब्द न ताणल्यास काय होते, याचे उदाहरण रस्त्याबाहेरचे, पण याच दोन कलमांमधले आहे. भोपाळ वायुकांडात हजारो माणसे मेली. युनियन कार्बाइडच्या भारतीय कंपनीच्या अधिकाऱ्यांवर सदोष मनुष्यवधाच्या दुसऱ्या भागाखाली आरोप ठेवले गेले होते. सप्टेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते हयगयीच्या कलमावर आणून ठेवले. त्या विशिष्ट रात्री कारखाना चालवल्यानेच माणसे मरतील अशी जाणीव आरोपींना होती हे दाखवणारी सामग्री नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. तत्त्व म्हणून ते तर्कशुद्ध आहे. परिणाम म्हणून, जून २०१० मध्ये सुनावलेली शिक्षा होती दोन वर्षे. देश हादरला, सीबीआयने निकाल फिरवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि ती २०११ मध्ये फेटाळली गेली. १८७० च्या कलमाने विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या औद्योगिक दुर्घटनेला तेवढेच उत्तर दिले, कारण त्याच्याकडे दुसरे नव्हते.

एका टोकाला तत्त्व पाळून अन्याय, दुसऱ्या टोकाला न्यायाच्या ओढीने तत्त्वाची मोडतोड, अशी ही कोंडी आहे. ब्रिटनने ती साठ-सत्तर वर्षांपूर्वी अनुभवली आणि वेगळा रस्ता काढला. तिथे रस्त्यावरील मृत्यूबद्दल मनुष्यवधाचा आरोप ठेवला की ज्यूरी दोषी ठरवायला कचरत असे. बाकावर बसलेले बारा जण स्वतःही गाडी चालवणारे, उद्या आपण तिथे उभे असू ही भीती त्यांच्या मनात. म्हणून संसदेने १९५६ मध्ये धोकादायक वाहन चालवून मृत्यू घडवणे हा स्वतंत्र गुन्हाच निर्माण केला. त्यात चालकाच्या मनात काय होते, हा प्रश्न जवळजवळ विचारला जात नाही. आजच्या १९८८ च्या कायद्यानुसार पाहायचे ते एवढेच : त्याचे चालवणे सक्षम आणि सावध चालकाच्या अपेक्षित पातळीपेक्षा खूपच खाली होते का, आणि तसे चालवणे धोक्याचे आहे हे अशा चालकाला उघड दिसले असते का. त्याखाली साध्या निष्काळजी चालवण्याने मृत्यू घडवण्याचा गुन्हा २००८ पासून आहे, कमाल पाच वर्षांचा. आणि नशेत निष्काळजीपणे चालवून मृत्यू घडवण्याचा आणखी एक, वेगळा.

या शेवटच्या गुन्ह्यातली एक तरतूद पुण्याच्या पार्श्वभूमीवर विशेष लक्ष वेधते. अपघातानंतर अठरा तासांच्या आत मागणी होऊनही चालकाने सबळ कारणाशिवाय नमुना दिला नाही, तर तो नकारच नशेच्या जागी धरला जातो आणि गुन्हा पूर्ण होतो. नमुना टाळून काही मिळवता येत नाही. भारताच्या मोटार वाहन कायद्यात नमुना नाकारण्याचा विचार आहे, पण तो मद्यपान करून वाहन चालवण्याच्या कलम १८५ च्या खटल्यापुरता. पहिल्या गुन्ह्याला तिथे कमाल सहा महिने आणि दहा हजार रुपये दंड. योगायोगाने मद्याची भारतीय मर्यादा इंग्लंडहून कितीतरी कडक आहे, शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, इंग्लंडमध्ये ८०. कायदा कागदावर कडक असणे आणि त्याला दात असणे या भिन्न गोष्टी आहेत.

ब्रिटिश उपायाची किंमतही सांगितली पाहिजे. धोकादायक वाहन चालवून मृत्यू घडवण्याची कमाल शिक्षा १९५६ मध्ये पाच वर्षे होती. ती दहा झाली, चौदा झाली आणि जून २०२२ पासून जन्मठेप झाली आहे. शिक्षेच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सर्वांत गंभीर प्रकारात सुरुवातच बारा वर्षांपासून होते. मनाचा शोध बाजूला ठेवून केवळ चालवण्याच्या दर्जावरून माणसाला जन्मठेपेपर्यंत नेता येणे, हे फौजदारी कायद्याच्या मूळ तत्त्वाशी सहज जुळणारे नाही, आणि तिथल्या कायदेपंडितांना ते खुपतेही. तरीही एक लाभ निर्विवाद आहे. तिथल्या सरकारी वकिलाला जाणीव हा शब्द रबरासारखा ताणावा लागत नाही, आणि मनुष्यवध हा गुन्हा खऱ्या मनुष्यवधासाठी राखून ठेवता येतो. ग्रेट ब्रिटनमध्ये २०२२ साली रस्त्यांवर १,७११ जण मेले. त्याचे श्रेय दंडसंहितेला देणे भाबडेपणाचे ठरेल. रस्त्यांची रचना, परवान्याची परीक्षा आणि वर्षानुवर्षांची अंमलबजावणी यांचा त्यात मोठा वाटा आहे.

भारतात पायरी वाढवण्याचा प्रयत्न झाला नाही असे नाही, पण तो भलत्या ठिकाणी झाला. नव्या संहितेच्या कलम १०६ च्या दुसऱ्या उपकलमाने हयगयीने मृत्यू घडवून पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा ठरवली. जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला देशभरचे ट्रकचालक रस्त्यावर उतरले. थांबलो तर जमाव जीव घेतो, पळालो तर सरकार दहा वर्षे घेते, हे त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. सरकारने माघार घेतली आणि १ जुलै २०२४ रोजी बाकी संहिता लागू होताना हे एक उपकलम तेवढे बाहेर ठेवले गेले. हे उपकलम गाडी कशी चालवली याची शिक्षा वाढवत नव्हते. चालवल्यानंतर काय केले याची वाढवत होते.

इथून पुण्याच्या निर्णयाकडे परत येता येते, कारण तिथेही प्रश्न वाटतो तसा वयाचा नाही, कलमाचा आहे. दिल्लीच्या २०१२ च्या सामूहिक बलात्कार प्रकरणानंतर झालेल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्याने सोळा ते अठरा वयोगटातील मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याची मुभा दिली, पण गुन्हा ‘घृणास्पद’ वर्गातला असेल तरच. आणि घृणास्पद म्हणजे ज्याची किमान शिक्षा सात वर्षे आहे तो. सदोष मनुष्यवधाला कमाल शिक्षा मोठी असली तरी सात वर्षांची किमान शिक्षा नाही. ही त्रुटी पुण्यात सापडलेली नाही. एप्रिल २०१६ मध्ये दिल्लीत जेमतेम काही दिवसांनी अठरा वर्षांचा होणार असलेल्या मुलाने चालवलेल्या मर्सिडीजखाली एक तरुण मेला. त्याच्या बहिणीने सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला. जानेवारी २०२० मध्ये शिल्पा मित्तल निकालात न्यायालयाने सांगितले की किमान शिक्षा नसलेला गुन्हा घृणास्पद ठरत नाही, तो ‘गंभीर’ वर्गातच राहतो. संसदेपुढे तेव्हा दोन पर्याय होते. तिने २०२१ च्या दुरुस्तीत न्यायालयाचाच अर्थ कायद्यात लिहिला. पुण्यातील बचाव पक्षाने याच निकालावर भर दिला होता. आता मुलावरील आरोप सिद्ध झाले तरी विशेष गृहातील कमाल कालावधी तीन वर्षांचा.

मंडळाचा निर्णय अनेकांना बोचला, आणि बोचणे समजण्यासारखे आहे. पण एका प्रकरणातील संतापापायी प्रौढत्वाची रेषा खाली ओढण्याची जी मागणी झाली, तिचा पहिला फटका पोर्श चालवणाऱ्याला बसणार नाही. बाल न्याय मंडळांपुढे उभी राहणारी बहुसंख्य मुले कोणत्या घरांतली असतात, हे त्या मंडळांच्या कामकाजात एक दिवस बसलेल्या कोणालाही दिसते.

त्यापेक्षा परिणामकारक दुरुस्ती २०१९ मध्येच झालेली आहे आणि तिची चर्चा फारशी होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ नुसार अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो : तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, वर्षभर वाहनाची नोंदणी रद्द, आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही. आपल्याला माहीत नव्हते किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार पालकावर. फौजदारी कायद्याच्या सर्वसाधारण नियमाला हा अपवाद आहे, पण समर्थनीय. गाडीची किल्ली कुठे टांगलेली असते ते घरातल्या मोठ्यांनाच माहीत असते. डिसेंबरच्या सुट्टीत पुण्या-मुंबईला जाऊन भावाच्या किंवा मेहुण्याच्या गाडीची किल्ली सतरा वर्षांच्या भाच्याकडे ‘जरा कोपऱ्यापर्यंत’ म्हणून देणाऱ्या परदेशस्थ मामालाही हे कलम माहीत असायला हवे. त्याच्या चुकीपायी आरोपी म्हणून उभा राहील तो गाडीचा मालक.

हयगय आणि जाणीव यांच्या मधल्या जागेसाठी स्वतंत्र गुन्हा मात्र नव्या संहितेतही नाही. ती करताना दीडशे वर्षांची वसाहतवादी चौकट मोडल्याचे सांगितले गेले. कलमांचे क्रमांक बदलले, ३०४-अ चे १०६ झाले. पुढच्या कार्टर रोडवर, पुढच्या कल्याणीनगरात तपास अधिकाऱ्यापुढे पर्याय दोनच असतील, आणि निवड करताना त्याच्या एका कानाशी दूरचित्रवाणीचा पडदा असेल, दुसऱ्या कानाशी आरोपीच्या घरून आलेला फोन.